चेफालूचा धोबीघाट आणि माझा धडधाकट हात

परवा माझी मैत्रीण शीतल चहाला आली आणि चपला काढता काढताच बाल्कनीकडे बोट दाखवून म्हणाली, "केतकी, एकच रुमाल? आणि त्याला चार चिमटे?"

आता या रुमालाचं काय सांगू तुम्हाला! सांगितलं तर हसाल. नाही सांगितलं तर शीतल सांगेल, आणि ती पदरचं तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगत नाही. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. चहा मोठ्या कपात घ्या. गोष्ट ऑकलंडच्या न्यू लिनमधून निघते ती थेट सिसिलीला जाऊन येते.

आधी माझ्याबद्दल एक सांगून ठेवते. मी दचकते. म्हणजे तुम्ही दचकता तशी नाही. टोस्टरमधून पाव वर आला की मी दचकते. मीच लावलेल्या गजराला मी दचकते. एकदा तर मीच दिलेल्या शिंकेला दचकले होते.

आणि माझी फ्लॅटमेट कोण? हॅना! अनवाणी पायांनी कोपऱ्यावरच्या डेअरीत जाऊन दूध आणणारी, पावसात कपडे तसेच वाळत ठेवणारी, पक्की किवी मुलगी. तिचा जगण्याचा मंत्र एकच: "शी विल बी राइट." होईल गं सगळं नीट! हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण ते नेहमी काहीतरी बिघडल्यावरच म्हटलं जातं.

तर या हॅनाचं लग्न ठरलं. नवरा साल्वो. सुतारकाम करायला म्हणून ऑकलंडला आलेला सिसिलीचा मुलगा. लग्न त्याच्या आजीच्या गावी, चेफालूला. एका संध्याकाळी हॅना माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"केट्स, तुझ्या बहिणीच्या लग्नात ते पिवळं केलं होतंत ना? ते मला हवंय."

"हळद? अगं, पण तिकडे कोण करणार?"

"तू."

"मी? मला नाही येत! त्याला घरातली मोठी माणसं लागतात, रीत असते..."

"शी विल बी राइट," हॅना म्हणाली. आला गोळा.

हळदीचा पुडा मी तीन पिशव्यांत बांधून नेला. आता न्यूझीलंडमध्ये राहिलेल्या माणसाला विमानतळाची काय धास्ती असते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपण दंडाच्या भीतीने बॅगेतल्या बडीशेपेचीसुद्धा कबुली देणारी माणसं! पालेर्मोला उतरल्यावर मला कुणी काही विचारेचना. मग मीच एका पोलिसाला गाठलं, पुडा पुढे केला आणि म्हणाले, "मला हे जाहीर करायचंय." त्याने वास घेतला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हाताने खूण केली, जा बाई जा. तरी बाहेर पडेपर्यंत मी तीनदा मागे वळून पाहिलं.

चेफालू मात्र काय गाव आहे! मागे उभा कातळ, एखाद्या हत्तीने पाठ टेकून बसावं तसा. त्याच्या पायथ्याशी आठ-नऊशे वर्षांचं दोन मनोऱ्यांचं चर्च. खाली समुद्र, वाळूवर छत्र्यांच्या रांगा, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घरातली भाजी कोणती ते वासावरून कळावं. साल्वोच्या आजींचं घर अशाच एका गल्लीत, चर्चच्या अगदी कुशीत.

आजींना इंग्रजी येत नव्हतं. मला त्यांची भाषा येत नव्हती. मी सरळ मराठीत बोलायचे आणि त्या समजल्यासारखी मान हलवायच्या. माझं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. जमत नव्हतं ते हॅनाचं. आजींनीच साल्वोला लहानाचं मोठं केलं होतं, आणि ही मुलगी त्याला पृथ्वीच्या पार तळाशी घेऊन चालली होती. आजी तिला ताट भरून वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. हॅना वरून हसायची. पण बाथरूममधून लाल डोळ्यांनी बाहेर पडताना मी तिला दोनदा पाहिलं होतं.

आणि मग लग्नाच्या दोन दिवस आधी आजींनी पेटी उघडली. आतून काढली ती लेसची ओढणी. त्यांनी अठराव्या वर्षी स्वतः विणलेली, स्वतःच्या लग्नात डोक्यावर घेतलेली, आणि पुढे सुनेलाही न दिलेली! ती त्यांनी हॅनाच्या हातावर ठेवली. तो तह होता हे मलाही कळलं.

हॅनाने ओढणी लगेच माझ्याकडे दिली. "केट्स, ही तू सांभाळ. तू लॅबमध्ये काम करतेस. तुझ्या हातून काही सांडत नाही."

लक्षात ठेवा हे वाक्य.

लग्नाच्या आदल्या सकाळी गच्चीवर हळद झाली. हळद कालवली आजींच्याच ऑलिव्ह तेलात. आंब्याची पानं नव्हती, म्हणून कुंडीतल्या लिंबाची डहाळी घेतली. आधी साल्वोला लावली, मग त्याची उष्टी हळद हॅनाला. रीत म्हणजे रीत! दोघंही झेंडूच्या फुलासारखी दिसत होती. मग पोहायचे टॉग्ज घालून, पायातल्या जँडल्स चपला फटफटवत, दोघं समुद्रावर हळद धुवायला पळाली.

मी एकटी मागे आवरत होते. ओढणी मी सकाळीच गच्चीच्या पार टोकाला, जिन्याजवळ, सावलीत टांगली होती. हळदीपासून चांगली वीस पावलं लांब! उरलेल्या हळदीचं भांडं झाकून कठड्यावर ठेवलं, हळदीची वाटी उचलली आणि जिन्याकडे निघाले. आता मला सांगा, खाली जायचा जिना कुठे होता?

बरोबर.

मी ओढणीसमोर पोचले आणि चर्चची घंटा वाजली. घंटा कसली, ते सगळं आकाशच कुणीतरी पितळेचं करून त्याच्यावर घण घातला! मी दचकले. वाटी उडाली.

शिंतोडे उडाले असते तर मी काही बोलले नसते. अख्खी वाटी, हो! ओढणीच्या बरोबर मधोमध, तळहाताएवढा पिवळाधमक डाग, आणि त्यातून खाली ओघळणारं तेल.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? आजींना हाक मारली असती. मी काय केलं? ओढणी गुंडाळून पिशवीत घातली, न्हाणीघरातली साबणाची वडी उचलली आणि स्वयंपाकघराच्या दारावरून मांजरासारखी बाहेर सटकले. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र. आजी ओढणी बघतायत, मग हॅनाकडे बघतायत, आणि पेटीचं झाकण बंद करतायत.

आदल्या दिवशी फिरताना मी एक जागा हेरली होती. रस्त्यावरून गोल वळत काळ्या दगडाच्या पायऱ्या उतरतात, खाली दगडी हौद, आणि भिंतीतल्या सिंहांच्या तोंडांतून थंडगार पाणी पडतंय. आपल्याकडे गोमुख, यांच्याकडे सिंहमुख! साल्वो म्हणाला होता, जुन्या काळी गावातल्या बायका इथे कपडे धुवायच्या. "जुन्या काळी" हे मी सोयीस्कर विसरले. धोबीघाट आहे, पाणी आहे, माझ्याकडे साबण आहे. अजून काय हवं?

गेले, उकिडवी बसले, ओढणी भिजवली आणि डागावर साबण चोळला.

डाग लाल झाला.

लाल म्हणजे कुंकवासारखा लालभडक! मी घाबरून जोरात चोळलं. तो आणखी लाल झाला. माझे हात सकाळपासून हळदीने माखलेले, तेही लाल झाले. बोटांतून लाल पाणी टपटप गळायला लागलं, हौदाच्या दगडावरून लाल ओघळ निघाला, आणि मी "अगं आई गं!" म्हणून किंचाळले.

पायऱ्यांवर पंधरावीस पर्यटक उभे होते. त्यांना काय दिसलं असेल, कल्पना करा. पांढरी लेस, लालभडक हात आणि किंचाळणारी मुलगी.

एक धिप्पाड बाई धडधडत खाली आल्या. "बाजूला व्हा, मी नर्स आहे! कुठे लागलंय?"

"नो, नो, इट्स नथिंग!" मी म्हणाले.

आता खरंच लागलेला माणूसही हेच म्हणतो की नाही? त्यांनी मला दगडावर बसवलं. कुणी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. कुणी तोंडात चॉकलेट कोंबलं. मला हळदीचा इंग्रजी शब्द आठवायचा होता हो! रोज सुपरमार्केटात वाचते तो शब्द! पण त्या क्षणी डोकं कोरं. आणि समजा आठवला असता, तरी "ही हळद आहे, मी तुमच्या ऐतिहासिक वास्तूत कपडे धुतेय" हे कोणत्या तोंडाने सांगणार? भिंतीवरच्या पाटीत कपड्यांच्या चित्रावर काट मारलेली मला तेव्हाच दिसली.

बाईंनी बॅगेतून पट्टी काढली आणि बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत माझा धडधाकट हात बांधायला घेतला. एक वेढा, दोन वेढे, दहा वेढे.

आणि मी काय केलं माहितीये? हात नीट धरून ठेवला. वर "थँक यू" म्हणाले!

ओली ओढणी पिशवीत कोंबून मी घरी निघाले. पण लहान गावात माणसापेक्षा बातमी जोरात चालते. कोपऱ्यावर फळवाला दुकानातून बाहेर येऊन हळहळला. पुढे एका खिडकीतून दोन बायकांनी छातीवर क्रॉस केला. घराच्या दारात पोचेपर्यंत, नंतर साल्वोने सांगितलं त्याप्रमाणे, माझी दोन बोटं तुटली होती.

आजी दारातच उभ्या. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, हाताखाली उशी दिली आणि लहान मुलासारखं चमच्याने सूप भरवायला सुरुवात केली. मी मराठीत म्हणत होते, "आजी, नको हो, मला काही झालेलं नाही." त्या त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटत डोळे पुसत होत्या. एकेक घास गिळताना मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. पिशवी पायाशी. पिशवीतून पाणी ठिबकतंय. पाणी लाल!

तेवढ्यात समुद्रावरून हॅना आणि साल्वो धावत आले. हॅना अनवाणी, केस ओले, कानामागे हळद तशीच.

"केट्स! हात दाखव!"

"अगं, काही नाही..."

"काही नाही काय? लोक सांगतायत रक्ताची धार लागली होती!" ती साल्वोकडे वळली. "गाडी काढ. हिला पालेर्मोच्या हॉस्पिटलमध्ये न्यायचं. उद्याचं पुढे ढकलू."

"उद्याचं काय पुढे ढकलू?" मी विचारलं.

"लग्न! तुझ्याशिवाय मी उभी राहणार आहे का तिथे?"

मी वाट बघत होते. आता म्हणेल, शी विल बी राइट. म्हणालीच नाही. चार वर्षांत पहिल्यांदा! साल्वोने खरंच किल्ली घेतली. आजींनी काळी शाल पांघरली, त्याही निघाल्या. ज्या लग्नासाठी मी हे सगळं लपवत होते, तेच लग्न माझ्या न तुटलेल्या बोटांसाठी मोडायला निघालं होतं.

"थांबा!" मी ओरडले. इतक्या जोरात, की स्वतःच दचकले.

आणि पट्टी सोडायला लागले. आता अशा वेळी कसं झटकन काहीतरी व्हायला हवं! पण त्या नर्सबाईंनी इतके वेढे घेतले होते की पट्टी संपेचना. तिघंही श्वास रोखून उभे. मी सोडतेय, सोडतेय. साल्वोने तर भिंतीचा आधार घेतला. शेवटी आतून माझा हात बाहेर आला. पाचच्या पाच बोटं, साधा ओरखडा नाही, फक्त रंग भगवा.

मग मी पिशवी उघडून ओढणी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. घंटा, वाटी, सिंह, साबण, नर्स. साल्वो एकेक वाक्य आजींना सांगत होता आणि त्याचा आवाज बारीक होत चालला होता.

हॅना आजींकडे बघत होती. मीही. आजींनी ओढणी उचलली, खिडकीपाशी नेली, उजेडात धरली.

मग त्यांनी टोपलीतून एक लिंबू घेतलं, कापलं आणि डागावर पिळलं. लाल डाग बघता बघता पिवळा झाला!

"जादू!" हॅना म्हणाली.

आजींनी हात उडवला. साठ वर्षं त्या या घरात टोमॅटो, कॉफी, वाइन सगळं लिंबाने आणि उन्हाने काढत आल्या होत्या, त्यांना कसली जादू! त्यांनी ओढणी हळुवार धुतली, आम्हाला घेऊन गच्चीवर गेल्या आणि रणरणत्या उन्हात पसरली. मग तिचा एक कोपरा उलटून दाखवला. तिथे एक फिकट तपकिरी डाग होता.

साल्वो हसायलाच लागला. "आजी म्हणते, हा तिच्या लग्नातला. सासऱ्यांनी वाइन सांडली. ती तीन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती."

मग आजी माझ्याकडे वळल्या आणि काहीतरी विचारलं. साल्वोने हसू आवरलं. "ती विचारतेय, हे पिवळं नेमकं कशासाठी?"

मी सांगितलं. नवऱ्याला लावलेली उष्टी हळद नवरीला लावतात. म्हणजे आता दोघांचं एक. आणि ती घरातल्या सगळ्यांनी लावायची असते, मोठ्यांनी आधी.

आजींनी ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला. साल्वोने तो सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

"मग मला का नाही बोलावलं?"

वाटी उडाली ती घंटेमुळे. साबण लावला तो बावळटपणाने. पण घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारलंच नाही, ते निव्वळ भीतीने. त्या नाही म्हणाल्या तर, या भीतीने! तीन पिशव्यांत बांधून हळद आणली, लिंबाची पानं शोधली, आणि रीतीतली पहिली गोष्टच टाळली.

"माझं चुकलं, आजी," मी म्हणाले. मराठीतच. याचा अनुवाद करावा लागला नाही.

कठड्यावर भांड्यात थोडी हळद उरली होती. आजींनी बोट बुडवलं आणि हॅनाच्या गालावर लावलं. एका गालावर, मग दुसऱ्या. मग तिची हनुवटी धरून काहीतरी म्हणाल्या. हॅना इतकी रडली की हळदीचे ओघळ मानेपर्यंत आले. काय म्हणाल्या ते मी साल्वोला विचारलं, तर तोही रडत होता. अजूनही मला ते माहीत नाही.

संध्याकाळपर्यंत उन्हाने डाग पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी हॅना ती ओढणी घेऊन चर्चमध्ये शिरली, तेव्हा डोळ्यांत तेल घालून बघितलं तरी काही दिसत नव्हतं. घंटा वाजल्या. मी दचकले. पण दोन्ही हात रिकामे होते, आजींनीच तशी व्यवस्था केली होती. मला फुलंसुद्धा धरू दिली नाहीत!

रात्री पुण्याला आईला व्हिडिओ कॉल करून सगळं सांगितलं. आईने चष्मा वर सरकवला.

"केतकी," ती म्हणाली, "हळदीत चुना घातला की काय होतं?"

"कुंकू."

"आणि साबण हा चुन्याचा कोण लागतो?"

"सख्खा भाऊ."

"हळद हा नैसर्गिक दर्शक आहे, हे सातवीत तू घोकत होतीस. मी ऐकत होते. पुढे केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलंस. आणि त्या ऑकलंडच्या लॅबमध्ये दिवसभर काय करतेस गं तू?"

पाण्यातलं आम्ल-अल्क मोजते. आठवड्याचे पाच दिवस. आता झालं समाधान?

तर गेल्या आठवड्यात चेफालूहून एक पाकीट आलं. आत आजींनी विणलेला लेसचा पांढरा रुमाल आणि साल्वोच्या बहिणीकडून लिहून घेतलेली चिठ्ठी: "केतकीसाठी, तिच्या लग्नात धरायला. लग्नाला मला आधी बोलवावं. हळद मी लावणार." ठरलेलं काहीच नाही हं, उगाच डोळे मोठे करू नका! पण वाचून इतकं छान वाटलं की स्वयंपाक करतानाही रुमाल मी समोर ओट्यावर ठेवला. फोडणीत हळद घालायला चमचा उचलला. धूर झाला. स्मोक अलार्म वाजला.

पुढचं तुम्हीच समजा.

आता चेफालूला एका दुपारीत होणारं काम इथे करायचं, तर ऊन हवं ना? आठ दिवस झाले, ऑकलंडचं आभाळ काही हलत नाही. मी रोज सकाळी रुमाल बाहेर टांगते, सरी आल्या की आत आणते. पण निघेल डाग. एक दिवस ऊन पडेलच. हॅनाच्या भाषेत, शी विल बी राइट. आणि गंमत म्हणजे हल्ली हे म्हणताना पोटात गोळा येत नाही.

शीतलने एवढं सगळं ऐकून घेतलं, चहाचा शेवटचा घोट घेतला, उठून बाल्कनीत गेली आणि रुमाल निरखत उभी राहिली.

"केतकी," ती म्हणाली, "हळद पिवळी असते ना गं?"

"हो."

"मग हा डाग लाल कसा?"

मी म्हटलं, "अजून चहा टाकू का?"